नकाराची वसुली

म्हातारा आपल्या बायकोला घेऊन लेणी बघायला येतोय आणि एक दुपार आमच्या घरी जेवणार आहे, हे कळलं तेव्हा मी बायकोला एकच सांगितलं, "पुरण भरपूर शिजव."

"किती जण हायेत?"

"दोघंच."

"मग भरपूर कशाला?"

"मला लागणार आहे."

तिनं माझ्याकडं बघितलं. ती असं बघते तेव्हा मी दुसऱ्या खोलीत जातो.

हा म्हातारा म्हणजे जपानमध्ये मी ज्याच्या घरी राहिलो तो. मी तेव्हा वाळूजला एका कारखान्यात लेथवर होतो. त्या कारखान्याचा जपानमधल्या एका छोट्या कारखान्याशी संबंध होता आणि इथली एखाद-दोन माणसं तिकडं कामाला पाठवत. माझं नाव यादीत नव्हतं. ते मी साहेबाच्या मागं लागून, भांडून, शेवटी त्याच्या दारात बसून घालून घेतलं. तिकडं गेल्यावर कळलं की कामगारांच्या वसतिगृहात जागा नाही. म्हणून कारखान्याच्या फोरमननं मला आपल्या घरी, माडीवरच्या खोलीत ठेवून घेतलं. मुलं नोकरीसाठी शहरात गेलेली, घरात नवरा-बायको दोघंच. तिकडच्या रिवाजाप्रमाणं मी त्याला ओतोसान म्हणजे बाबा आणि तिला ओकासान म्हणजे आई म्हणायचो. आता मी म्हातारा म्हणतो. तोंडावर ओतोसानच म्हणावं लागतं, तो भाग वेगळा.

ते माझ्याशी वाईट वागले नाहीत. वाईट वागले असते तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. तिकडं घरातली सगळी माणसं एकाच टाकीतल्या कढत पाण्यात आळीपाळीनं बसतात, आणि म्हातारा मला त्याच्याआधी पाठवायचा. ओकासान माझ्या डब्यात भाताचे गोळे करून द्यायची. मी घरून नेलेला काळा मसाला भातावर टाकला की ती उठून खिडक्या उघडायची. बाहेर बर्फ पडत असलं तरी उघडायची आणि हसून म्हणायची, "मोकळी हवा चांगली असते." मीही म्हणायचो, "व्हय, चांगली असते." ताटलीत भाताचं एक शीत राहिलं तर म्हातारा चॉपस्टिकनं ते दाखवायचा. उचलून खाईपर्यंत दाखवतच राहायचा. ही त्याची सवय मी नीट लक्षात ठेवली. सवय कुणाची का असेना, लक्षात ठेवलेली बरी असते.

मी पिशोरचा. माझा बाप बैलबाजारात दलाली करायचा. रुमालाखाली हात घालून बोटं दाबून भाव ठरवायचे, वर तोंडानं भलतंच बोलायचं, हे मी शाळेच्या आधी शिकलो. बाजारातला एक शब्द मला जन्मापासून पाठ आहे. घेणारा आकडा सांगतो, देणारा मान हलवतो आणि म्हणतो, "अवघड आहे." अवघड आहे याचा अर्थ सौदा सुरू झाला. ज्याला द्यायचंच नाही तो अवघड आहे म्हणत नाही. तो सरळ दावं सोडून बैल घेऊन चालायला लागतो. शहरात गुलमंडीवर कापड घ्या, शहागंजात भांडी घ्या, "अवघड है भाई" ऐकलं की आमचा माणूस खुशाल खाली बसतो. आता चहा येणार आणि भाव उतरणार.

तिकडं काही महिने झाले आणि माझ्या मनात आलं, बायकोला बोलवावं. आमचं लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. ती पिशोरला माझ्या आईजवळ होती. फिरायला येणाऱ्याला तिकडचं कुणीतरी बोलावणं पाठवावं लागतं, राहायची जागा दाखवावी लागते. दोन्ही गोष्टी म्हाताऱ्याच्या हातात. मी एका रविवारी त्याच्यासमोर गुडघे मोडून बसलो आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं. माझ्या बायकोला तीन महिने इथं राहू द्याल का?

त्यानं दातांमधून हवा आत ओढली. मान एका बाजूला कलती केली. मग म्हणाला, "मुझुकाशी देस ने."

मुझुकाशी म्हणजे अवघड. अवघड आहे.

मला इतका आनंद झाला, की मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढलो.

त्याच दिवशी बायकोला फोन करून सांगितलं, "पासपोर्ट काढून ठेव. होईल काम." मग मी सौद्याला लागलो. पुढच्या रविवारी म्हणालो, तीन महिने नको, दोनच. म्हातारा म्हणाला, मुझुकाशी देस ने. मी म्हणालो, ती झाडलोट करील, भांडी घासील. त्यानं पुन्हा हवा ओढली. मी एका महिन्यावर आलो. मुझुकाशी. आमच्याकडं इतका चिवट देणारा मी पाहिला नव्हता, आणि खरं सांगतो, मला त्याच्याबद्दल आदर वाटायला लागला. त्याच्या घरामागं मुळ्याचं शेत होतं, आमच्या अंगणाएवढं. सौदा गोड व्हावा म्हणून मी सुट्टीच्या दिवशी तिथं राबायला लागलो. खुरपलं, खणलं, मांडीएवढे मुळे उपटले, धुतले, वाळायला टांगले. म्हातारा दरवेळी वाकून आभार मानायचा. ओकासान चहा आणायची. मी समजलो, आता बोटं जुळत आलीत.

इकडं पिशोरला बायकोचा पासपोर्ट आला. तिनं कन्नडच्या बाजारातून स्वेटर आणला. तिच्या माहेरच्यांनी तिला बोलावून ओटी भरली. शेजारणींनी पापड, कुरडया दिल्या, मला तिकडं मिळत नसतील म्हणून. सगळ्या गल्लीला ठाऊक झालं. ती फोनवर विचारायची, "कधी निघायचं?" मी सांगायचो, "झालंच. थोडं ताणून धरलंय त्यांनी."

जपानमध्ये म्हाताऱ्याच्या गावात स्टेशनाजवळ एक नेपाळी माणूस करीचं हॉटेल चालवायचा. तिथं मी अधूनमधून हिंदी बोलायला जायचो. एकदा त्याला मी माझ्या सौद्याची हकीकत फुशारकीनं सांगितली. पंधरा दिवसांवर आणलंय मी, अजून म्हातारा अवघड म्हणतोय, पण मोडेल. तो पोळी लाटायचा थांबला.

"भाई, उसने तो पहले दिन ही मना कर दिया."

"मना नहीं किया. मुश्किल बोला."

"इधर मुश्किल मतलब ना. पक्का ना. उससे ज्यादा ना ये लोग नहीं बोलते." आणि मग त्याला हसू आवरेना. "और तू उसकी मूली निकाल रहा था?"

त्याचं हसू मला अजून ऐकू येतं.

मी तसाच घरी गेलो. म्हातारा व्हरांड्यात नखं काढत बसला होता. मी उभ्यानंच विचारलं, "हो की नाही? एक शब्द सांगा." त्यानं नखं कागदात गुंडाळली. बाहेर मुळ्यांकडं बघितलं. मग म्हणाला, "चोत्तो..."

चोत्तो म्हणजे थोडं. थोडं काय? वाक्य तिथंच संपलं. त्या देशात वाक्यं अशी अर्ध्यात टाकून देतात आणि उरलेलं ऐकणाऱ्यानं उचलायचं असतं. माझं डोकं भडकलं. मी मराठीत जे बोललो ते इथं लिहिता येत नाही. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि वाकून माफी मागितली. कशाची माफी, ते पण सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी डब्यात नेहमीपेक्षा जास्त भात होता.

बायकोला सांगणं माझ्या वाट्याला आलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं." पण गल्ली बरं म्हणत नाही. हापशावर बायकांनी तिला विचारायला सुरुवात केली, "काय गं जपानीण, इमान चुकलं का?" पापड ज्यांनी दिले होते त्यांनी पापडांची चौकशी केली. ती जपानीण झाली ती झालीच. आज आम्ही शहरात राहतो, वाळूजला माझं स्वतःचं वर्कशॉप आहे, तीन मशीन स्वतःची आहेत, तरी पिशोरला लग्नाला गेलो की मांडवातून हाक येते, "ये जपानीण, इकडं बस." ती हसते आणि जाऊन बसते. मी हसत नाही. मी दरवेळी त्या व्हरांड्यात उभा असतो.

मला त्या माणसाकडून पैसा नको होता, माफी नको होती. माफी तो उठता-बसता मागतो. मला त्याच्या तोंडून 'नाही' हा शब्द हवा होता. माझ्या तोंडावर, सरळ, पुऱ्या आवाजात. ज्या शब्दावाचून माझ्या बायकोचं गावात हसं झालं, तो शब्द त्याच्याकडून वसूल करायचा, एवढंच मी इतकी वर्षं मनात धरून होतो. आणि तो आपल्या पायानं चालून येत होता.

मी हॉटेलवरून त्यांना गाडीतून आणलं. म्हातारा वाळला होता, ओकासान मात्र तशीच. वाकावाकी झाली. घरात जेवायचं टेबल आहे, पण मी पाट मांडायला लावले होते. खुर्चीवरून माणूस पटकन उठतो. पाटावरून त्या वयात उठायचं म्हणजे कुणाचा तरी हात लागतो, आणि हात माझा होता.

बायको आत पोळ्या लाटत होती. वाढायला मी उभा राहिलो. आमच्या घरात मी कधी वाढत नाही, पण त्या दिवशी तुपाची वाटी मी कुणाला दिली नाही. पुरणपोळी, कटाची आमटी, भजी, कुरडई, वर भात. पहिली पोळी म्हाताऱ्यानं डोळे मिटून खाल्ली. "ओइशी," म्हणाला. म्हणजे चविष्ट. मी दुसरी टाकली, तूप सोडलं. तीही त्यानं संपवली. ताटात काही ठेवायचं नाही, ही त्याची शिस्त. आणि आमच्याकडं ताट रिकामं दिसलं की त्यात वाढायचं, ही आमची शिस्त. दोन्ही शिस्ती मला ठाऊक होत्या. त्याला एकच ठाऊक होती.

तिसऱ्या पोळीला त्यानं हात थोडा वर केला. "केक्को देस."

केक्को म्हणजे उत्तम. जपानी माणूस हात वर करून केक्को म्हणतो तेव्हा त्याला पुरे म्हणायचं असतं, हे मला चांगलं ठाऊक होतं. मी आत तोंड करून ओरडलो, "उत्तम झाल्यात म्हणतायत! आण अजून."

त्यानं खाल्ली. मी भाताची मूद पाडली, वर आमटी ओतली. तो म्हणाला, "दाइजोबू." म्हणजे काही हरकत नाही, माझं ठीक आहे, राहू द्या. मी म्हणालो, "हरकत नाही म्हणतायत," आणि भजी टाकली. त्याच्या कपाळावर घाम आला. पंखा मी आधीच हळू करून ठेवला होता. ओकासाननं दीड पोळी खाऊन ताट बाजूला सरकवलं होतं आणि ती नुसती बघत होती. तिच्या ताटाकडं मी गेलो नाही. माझा हिशोब तिच्याशी नव्हता, असं मला वाटत होतं.

पुढची पोळी मी चिमट्यात धरून त्याच्या ताटावर नेली. त्यानं पोटावर हात ठेवला. दातांमधून हवा आत ओढली. मान एका बाजूला गेली. तीच मान.

"चोत्तो..." तो म्हणाला.

"थोडं!" मी म्हणालो. "थोडं मागतायत बघा. ओतोसान, थोडं कशाला, सगळी घ्या." आणि पोळी ताटात सोडली.

बायको कपाळावरचा घाम पुसत दारात येऊन उभी राहिली होती.

"अहो, पुरे करा."

"थोडं म्हणतायत ते. मला भाषा येते, तुला नाही."

"भाषा काय करायची? तोंड बघा त्यांचं. पोट फुटंल."

"मग नाही म्हणू दे की. तोंड दिलंय ना देवानं?"

तेव्हा तिच्या सगळं ध्यानात आलं. पुरण कशाला शिजवलं ते, पाट कशाला मांडले ते. ती म्हाताऱ्यासमोर जाऊन खाली बसली. पिठाचे हात तिनं एका रिकाम्या ताटावर आडवे धरले आणि लहान पोराला शिकवावं तसं म्हणाली, "नको. म्हणा, ओतोसान. नको."

म्हाताऱ्यानं माझ्याकडं बघितलं. मग आपल्या बायकोकडं. मग दोन्ही हात आपल्या ताटावर धरले, बोटं पसरून, पोळी पार झाकून टाकली.

"नको," तो म्हणाला. आणि पुन्हा, मोठ्यानं, "नको!"

आवाज चांगला खणखणीत होता. मला वाटलं होतं हा शब्द ऐकला की मी तृप्त होईन. झालो नाही. उलट जास्त चेव आला. शब्द शिकलाय तर आता खरा वापरून दाखव. मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो आणि बायकोकडं बोट करून जपानीत विचारलं, "आता नाही म्हणता येतं ना? मग सांगा. तेव्हा माझी ही बायको आलेली तुम्हाला नको होती. म्हणा."

त्यानं तोंड उघडलं, पण बोलली ती ओकासान. इतक्या वर्षांत मी तिचा तो आवाज ऐकला नव्हता. हसू नाही, वाकणं नाही.

"मला नको होती," ती म्हणाली. "तू विचारलंस त्याच दिवशी यांनी मला विचारलं. मी नको म्हणाले. ते दर रविवारी मला पुन्हा विचारायचे. मी दर रविवारी नको म्हणायचे."

"का?"

"तुझ्या एकट्याच्या मसाल्याला मी खिडकी उघडायचे. माझ्या शेगडीपाशी दुसरी बाई मला नको होती."

मी तसाच उकिडवा राहिलो. बैलबाजारात दलालाचं पोर म्हणून वाढलेला मी, आणि इतके रविवार चुकीच्या माणसाची बोटं दाबत बसलो. मालकीण शेजारी उभी राहून चहा देत होती. तिला मी एकदाही विचारलं नाही. मुळे उपटले ते त्याचे उपटले.

"काय म्हणतायत त्या?" बायकोनं विचारलं.

"काही नाही."

"काही नाय कसं? माझ्याकडं बोट करून बोलला तुम्ही."

मला सांगायचं नव्हतं. पण ओकासान थेट तिच्याकडं बघत होती, आणि दोघीही मी बोलण्याची वाट बघत होत्या. मी सांगितलं. जसं होतं तसं, शेगडीसकट.

बायको हसायला लागली. तोंडाला पदर लावून, मग पदर सोडून.

"मग बरोबरच हाय की वो! माझ्या ओट्यापाशी तुम्ही कोणी बाई आणून तीन महिने उभी केली असती, तर मी तिला बी घालवलं असतं आणि तुम्हाला बी."

"आणि गावानं तुला जपानीण केलं त्याचं काय?"

"ते त्यांनी केलं व्हय? 'होईल काम, होईल काम' कोण म्हणत होतं फोनवर?"

मी म्हणालो, तुला काही कळत नाही. ती म्हणाली, बरं. मग तिनं ओकासानला हाताला धरून उठवलं आणि सरळ स्वयंपाकघरात नेलं. थोड्या वेळानं आतून लाटण्याचा आवाज आला, आणि दोघींचं खिदळणं. मी डोकावून बघितलं, तर ज्या बाईला दुसरी बाई शेगडीपाशी नको होती, ती माझ्या घरच्या शेगडीपाशी पोळी फाडून ठेवत होती.

म्हाताऱ्याला मी दिवाणावर नेऊन आडवा केला. पंखा वाढवला नाही. तो डोळे मिटून पोटावर हात ठेवून पडला होता. मध्येच म्हणाला, "मुळे छान काढायचास तू." माणसानं बायकोचा नकार स्वतःच्या तोंडात धरून महिनोन्महिने हवा ओढत बसायचं, आणि दुसऱ्याला शेतात राबू द्यायचं, याला मी तरी सभ्यपणा म्हणत नाही. बायको काही म्हणो. तिच्या हसण्यानं तिचं संपलं असेल, माझं संपलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते वेरूळला निघाले. मलाही चला म्हणाले. मी सांगितलं की वर्कशॉपमध्ये माल जायचा आहे. माल वगैरे काही जायचा नव्हता. बायको गेली त्यांच्याबरोबर, ड्रायव्हर दिला मी. दिवसभर मी मशीनवरच्या माणसांवर ओरडत बसलो.

संध्याकाळी ती उन्हानं लाल होऊन परत आली. मोबाईल पुढं केला. घृष्णेश्वराच्या बाहेर ओकासान कपाळाला हे मोठं कुंकू लावून उभी, शेजारी ही. म्हातारा फोटोत नव्हता, गाडीत झोपला होता म्हणे. दोघी दिवसभर मोबाईलमध्ये बोलून एकमेकींना ऐकवत होत्या. एक बोलायची जपानीत, मोबाईल बोलायचा मराठीत.

"त्या मला बोलवतायत," ती म्हणाली. "उन्हाळ्यात ये म्हणल्या. पण स्वयंपाक त्याच करणार."

"मला?"

"तुमचं काय बोलल्या नायत."

मी फोटो पुन्हा बघितला. "तू काय सांगितलंस?"

"येते म्हणले. जाऊ ना?"

"बघू," मी म्हणालो.

ती चपला काढता काढता थांबली. "बघू म्हंजे व्हय का नाय, ते सांगा."

मी टीव्हीचा आवाज वाढवला.